दिवाणखान्यात तिसरी घंटा

ब्रॉडवेवरच्या नाटकाचं तिकीट सरासरी शंभर डॉलरांच्या पुढे जातं. नवरा-बायको, दोन मुलं आणि सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले आई-बाबा असं घर नाटकाला निघालं, तर पार्किंग आणि बाहेरचं जेवण धरून हजार डॉलरांचा आकडा गाठायला वेळ लागत नाही. न्यूयॉर्कपासून लांब राहणाऱ्यांना त्यात विमानाचं भाडंही मिळवावं लागतं. म्हणून अमेरिकेत पंधरा-वीस वर्षं काढूनही तिथलं एकही संगीत नाटक न पाहिलेली मराठी घरं पुष्कळ आहेत. याच घरांत गाडी चालवताना ‘कट्यार’ची पदं लागतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात मराठी नाटक असलं, की हीच मंडळी वेळेआधी जाऊन जागा धरतात. आवड आहे, कान तयार आहे. तिकिटापाशी मात्र सगळं अडतं.

या घरांसाठी हा लेख आहे. अमेरिकेची सार्वजनिक दूरचित्रवाणी, म्हणजे पीबीएस, गेली पन्नास वर्षं उत्तमोत्तम नाटकं घरात आणून दाखवते आहे. ती पाहायला अँटेना पुरतो. पण टीव्हीवरचं नाटक आपण बहुधा नाटकासारखं पाहत नाही. हातात फोन असतो, मध्येच कुणी भांडी लावायला उठतं, पहिल्या अंकानंतर ‘उरलेलं उद्या’ म्हणून रिमोट दाबला जातो आणि तो उद्या येत नाही. मग मत बनतं, की टीव्हीवर नाटकाची मजा नाही. माझं ठाम म्हणणं आहे, की ती मजा आहे. फक्त नाट्यगृहात जे आपोआप होतं, म्हणजे अंधार, शांतता, सोबत, एकाग्रता, ते घरी आपल्याला जमवावं लागतं. ते कसं जमवायचं, हे इथे क्रमानं सांगतो.

नाटक आणि पीबीएस

अमेरिकेत सार्वजनिक प्रसारणाचा कायदा 1967 साली झाला. 1970 मध्ये पीबीएसचं प्रसारण सुरू झालं. 1972 साली न्यूयॉर्कच्या ‘थर्टीन’ या केंद्रानं ‘ग्रेट परफॉर्मन्सेस’ ही मालिका सुरू केली. आपलं मुंबई दूरदर्शन केंद्रही त्याच वर्षी, 2 ऑक्टोबरला सुरू झालं. दोन टोकांच्या दोन शहरांत एकाच वर्षी नाटक, संगीत आणि नृत्य घरात आणणारं एक नवं दार उघडलं. ‘ग्रेट परफॉर्मन्सेस’ आजही चालू आहे. 1976 मध्ये ‘लाइव्ह फ्रॉम लिंकन सेंटर’ आली, 1982 मध्ये ‘अमेरिकन प्लेहाऊस’ आली, आणि या मालिकांमधून ब्रॉडवेची कित्येक नाटकं मूळ नटसंचासह जतन झाली.

पीबीएसची खरी देणगी म्हणजे तिथे प्रवेशाच्या मध्ये साबणाची किंवा मोटारीची जाहिरात घुसत नाही. नाटकाचा ताण चढत जातो आणि तो तुटत नाही. लिंकन सेंटरच्या व्हिव्हियन बोमाँट नाट्यगृहातून 18 ऑगस्ट 2010 रोजी ‘साउथ पॅसिफिक’चा प्रयोग थेट दाखवला गेला, तो याचा उत्तम दाखला. बार्टलेट शेर यांचं दिग्दर्शन, केली ओ’हारा आणि पावलो झोट मुख्य भूमिकांत, आणि तीस वादकांचा वाद्यवृंद. सुरुवातीचं संगीत चालू असताना रंगमंचाचा पुढचा भाग मागे सरकतो आणि खालचे वादक दिसू लागतात. हा क्षण देशभरातल्या घरांनी एकाच रात्री पाहिला, आणि त्यासाठी कुणाला न्यूयॉर्क गाठावं लागलं नाही.

मिळवायचं कसं

पीबीएस ही एकच वाहिनी नाही. तीनशेच्या वर स्थानिक केंद्रं मिळून ती बनलेली आहे आणि प्रत्येक केंद्र आपलं वेळापत्रक स्वतः ठरवतं. न्यूयॉर्कमध्ये ‘थर्टीन’, बोस्टनमध्ये ‘जीबीएच’, शिकागोत ‘डब्ल्यूटीटीडब्ल्यू’, सॅन फ्रान्सिस्कोत ‘केक्यूईडी’. म्हणून मित्राच्या गावात नाटक ज्या दिवशी लागलं त्याच दिवशी ते आपल्याकडे लागेल, असं धरून चालू नका. आपल्या केंद्राचं नाव शोधा आणि त्याच्या वेळापत्रकात ‘ग्रेट परफॉर्मन्सेस’ कधी आहे ते पाहा. बऱ्याच ठिकाणी ती शुक्रवारी रात्री असते. केंद्राचं साप्ताहिक ईमेल पत्र सुरू करून घेतलंत, तर पुढचं नाटक आठवडाभर आधी कळतं आणि तयारीला वेळ मिळतो.

पाहण्याचे मार्ग तीन. पहिला, खिडकीपाशी लावायचा साधा अँटेना. वीस-तीस डॉलरांत मिळतो, महिन्याचं बिल नाही. दुसरा, पीबीएसचं ॲप. प्रसारणानंतर पुष्कळ कार्यक्रम काही आठवडे तिथे मोफत असतात. तिसरा, ‘पासपोर्ट’. स्थानिक केंद्राला देणगी देणाऱ्या सभासदांसाठी ही सोय आहे; बहुतेक केंद्रांवर महिन्याला पाच किंवा वर्षाला साठ डॉलर दिले, की जुने कार्यक्रमही उघडतात.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. नाटकाच्या चित्रणाला लेखक, संगीतकार, नट, वादक, नेपथ्यकार अशा सगळ्यांची परवानगी लागते आणि ती ठरावीक मुदतीची असते. मुदत संपली की नाटक ॲपवरून निघून जातं. ‘सुट्टीत पाहू’ म्हणून बाजूला ठेवलेलं नाटक सुट्टीपर्यंत टिकेल याची खात्री नसते. जे पाहायचं आहे त्याची तारीख लगेच ठरवा.

हुकलंच, तर गावच्या सार्वजनिक वाचनालयात जा. तिथे जुन्या चित्रणांच्या डीव्हीडी मोफत मिळतात, आणि वाचनालयाच्या कार्डावर ‘कनोपी’ किंवा ‘हूपला’ यांसारखी ॲपही उघडतात. ही सोय आपल्याकडची बरीच मंडळी मुलांच्या पुस्तकांपुरतीच वापरतात. नाटकाची आवड असणाऱ्या माणसानं त्या कपाटापर्यंत जायलाच हवं.

पहिलं नाटक कोणतं

पहिली निवड चुकली, तर माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. म्हणून आपल्या स्वभावाप्रमाणे निवडा.

गोष्ट, गाणी आणि नाच यांचा सरळ आनंद हवा असेल, तर संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हॅमरस्टाईन यांच्यापासून सुरुवात करा. त्यांचं ‘ओक्लाहोमा!’ 31 मार्च 1943 रोजी ब्रॉडवेवर आलं आणि तिथल्या संगीत नाटकाचं वळणच बदललं. तोवर पडदा उघडला, की बहुधा नाचणाऱ्या मुलींचा ताफा यायचा. इथे पडदा उघडतो तेव्हा एक वयस्क बाई लोणी घुसळत बसलेली असते आणि नायकाचा आवाज आतून ऐकू येतो. लंडनच्या नॅशनल थिएटरनं 1998 मध्ये ते ट्रेव्हर नन यांच्या दिग्दर्शनाखाली केलं, त्यात ह्यू जॅकमन होता. त्याचं चित्रण पीबीएसनं 2003 मध्ये दाखवलं. याच जोडीचं ‘द किंग अँड आय’ केली ओ’हारा आणि केन वातानाबे यांनी लंडनच्या पॅलेडियममध्ये केलं, ते 2019 मध्ये ‘ग्रेट परफॉर्मन्सेस’मध्ये आलं. संगीत अप्रतिम आहे. मात्र सयामच्या राजाचं हे चित्र पाश्चात्त्य लेखणीतून उतरलेलं आहे, आणि 1956 च्या चित्रपटावर थायलंडमध्ये बंदी घातली गेली होती. आशियातल्या माणसानं हे नाटक डोळे उघडे ठेवून पाहावं आणि नंतर घरात त्यावर बोलावं.

विचार करायला लावणारं हवं असेल, तर संगीतकार-गीतकार स्टीफन साँडहाइम. ‘संडे इन द पार्क विथ जॉर्ज’ हे जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकारावरचं नाटक. या नाटकामागचं मूळ चित्र आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. मँडी पटिंकिन आणि बर्नाडेट पीटर्स यांच्यासह झालेला प्रयोग 1986 मध्ये पीबीएसवर आला. ‘इंटू द वुड्स’मध्ये सिंड्रेला, लाल टोपीवाली, जॅक अशा परीकथांतली माणसं एकाच जंगलात भेटतात, मूळ नटसंचाचं हे चित्रण 1991 मध्ये दाखवलं गेलं. ‘कंपनी’चा जॉन डॉयल यांनी बसवलेला प्रयोग 2008 मध्ये आला. त्यात वेगळा वाद्यवृंदच नाही, नटच वाद्यं वाजवतात. मित्रांच्या संसारांकडे लांबून पाहणारा बॉबी शेवटच्या गाण्याला स्वतः पियानोपाशी बसतो आणि त्या एका हालचालीत सगळं नाटक उलगडतं. आधी साँडहाइमचं काही पाहिलं नसेल, तर ‘इंटू द वुड्स’ घ्या. गोष्टी ओळखीच्या असल्यामुळे गाण्यांकडे लक्ष देता येतं.

गाणी नकोत, निखळ नाटक हवं, असं म्हणणाऱ्यांसाठी जॉन लोगन यांचं ‘रेड’ आहे. मार्क रॉथको हा चित्रकार आणि त्याचा तरुण मदतनीस अशी दोनच पात्रं, एक स्टुडिओ आणि कलेवरचा कडाक्याचा वाद. रॉथकोच्या भूमिकेत आल्फ्रेड मोलिना आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये उघड्या आकाशाखाली झालेलं शेक्सपिअरचं ‘मच अडू अबाउट नथिंग’ही असंच, केनी लिऑन यांनी ते संपूर्ण कृष्णवर्णीय नटसंचासह बसवलं आणि 2019 मध्ये तेही पीबीएसवर आलं.

बसण्याआधी

नाटकाच्या दिवशी दुपारी कथानकाचा सारांश वाचून ठेवा. गोष्ट आधी कळली तर मजा जाईल, ही भीती आपण तरी बाळगू नये. ‘सौभद्र’ला जाणाऱ्या प्रत्येकाला सुभद्रेचं लग्न कुणाशी होणार हे ठाऊक असतं, तरी 1882 पासून लोक ते पाहत आले आहेत. शेवट माहीत असलेला प्रेक्षक तिथवरचा रस्ता अधिक बारकाईनं पाहतो.

त्या आठवड्यात मुख्य गाण्यांपैकी दोन-तीन ऐकून घ्या. ब्रॉडवेच्या बहुतेक गाजलेल्या नाटकांची मूळ नटसंचानं गायलेली ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत. सगळा संच ऐकू नका. दोन-तीन चाली ओळखीच्या झाल्या, की सुरुवातीच्या संगीतात त्या भेटतात आणि मन लगेच जागेवर येतं.

टीव्हीतले स्पीकर नाटकाला पुरत नाहीत. साउंडबार असेल तर जोडा; एकटे पाहत असाल तर चांगले हेडफोन पुरे. उपशीर्षकं पहिल्यांदा पाहताना जरूर लावा, त्यात काही कमीपणा नाही. अमेरिकेत जन्मलेल्यांनाही साँडहाइमचे सगळे शब्द एका फटक्यात कळत नाहीत. सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार मोठा करता येतो, तो आई-बाबांच्या नजरेप्रमाणे ठरवा.

मग वेळ ठरवा आणि ती पाळा. जेवणं आटोपून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, मोठे दिवे मालवून सगळ्यांनी एकत्र बसावं. ब्रॉडवेचं संगीत नाटक साधारण अडीच तासांचं आणि दोन अंकांचं असतं. मध्यंतर घ्या, पण ते लेखकानं ठेवलेल्या जागीच घ्या. पहिल्या अंकाचा शेवट फार विचार करून बांधलेला असतो. तिथे उठून चहा करावा आणि ‘आता काय होईल’ यावर बोलावं, हे त्या नाटकालाही अपेक्षित आहे. त्याआधी रिमोटला हात लावू नका. एका बैठकीत पाहिलेलं नाटक आणि तीन रात्रींत तुकड्यांनी संपवलेलं नाटक, यांचा मनावरचा ठसा सारखा नसतो.

कान थोडा वेगळा लावा

मराठी रसिकाला इथे एक अडचण येते, आणि ती नीट समजून घेतली तर सगळी वाट सोपी होते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 1880 च्या ‘शाकुंतल’पासून आपला कान सुरावर वाढला. पद सुरू झालं, की कथा थांबते आणि गायक ते रागाच्या अंगानं फुलवत नेतो. चांगली तान आली की दाद, मन भरलं नाही तर ‘वन्स मोअर’. बालगंधर्वांच्या काळात नाटकं पहाटेपर्यंत चालत, ती याच प्रेमामुळे.

ब्रॉडवेचं गाणं थांबत नाही. ते गोष्ट पुढे नेतं. गाणं सुरू होताना पात्र एका जागी असतं आणि संपताना दुसऱ्या: निर्णय झालेला असतो, प्रेम कबूल झालेलं असतं किंवा एखादा भ्रम फुटलेला असतो. लांबी ठरलेली, वाद्यमेळ लिहिलेला, प्रत्येक शब्दाला वजन. गायकानं आपल्या मनानं विस्तार करायचा नसतो. म्हणून तिथे फक्त गळा शोधलात, तर निराश व्हाल. शब्द आणि अभिनय धरून ऐकलंत, तर त्याच गाण्यात नाटक सापडेल. आपल्याकडेही हे वळण आलेलं आहे. पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी 1964 च्या ‘मत्स्यगंधा’पासून पदं आटोपशीर केली, आणि अलीकडच्या ‘संगीत देवबाभळी’त गाणं प्रसंगातूनच उगवतं. त्या वाटेवरून ब्रॉडवेकडे गेलं, की ते परकं वाटत नाही.

काही जागा आधी ठाऊक असल्या, तर ऐकणं सोपं होतं. नांदीच्या जागी तिथे वाद्यवृंदाचं सुरुवातीचं संगीत असतं. पुढे येणाऱ्या चालींची तिथे ओळख होते. पहिल्या काही गाण्यांत मुख्य पात्र ‘मला काय हवंय’ हे सांगतं. ते गाणं नीट ऐका, कारण उरलेलं सगळं नाटक त्या मागणीचं काय झालं, हेच सांगणार असतं. दुसऱ्या अंकात एखादी जुनी चाल परत येते. चाल तीच, पण मधल्या घटनांनी तिचा अर्थ पालटलेला असतो. हे परत येणं ओळखता आलं, की या कलाप्रकाराची गोडी लागली म्हणून समजा. आणि शेवटाकडे मुख्य पात्राचं एक मोठं गाणं येतं, त्याला तिथले लोक ‘अकराचं गाणं’ म्हणतात. पूर्वी प्रयोग साडेआठला सुरू होत आणि हे गाणं अकराच्या सुमाराला येई. नटाची सगळी ताकद तिथे कळते.

कॅमेरा देतो आणि नेतो

नाट्यगृहात कुठे पाहायचं, हे प्रेक्षक ठरवतो. चित्रणात ते चित्रणाचा दिग्दर्शक ठरवतो. अनेक कॅमेरे लावून, पुष्कळदा एकाहून अधिक प्रयोगांतून निवडून, चित्रण सांधलं जातं. त्यातून एक मोठा लाभ होतो: चेहरा. शेवटच्या रांगेतल्या माणसाला कधीच न दिसणारी पापणीची थरथर, गाण्याआधी घेतलेला श्वास, बोलता बोलता आवळलेली मूठ, हे सगळं तुम्हाला दिसतं. दोनशे डॉलरांच्या खुर्चीवरूनही एवढं दिसत नाही.

जातं ते रंगमंचाचं पूर्ण चित्र. कॅमेरा नायिकेच्या चेहऱ्यावर असतो, तेव्हा मागे उभा असलेला माणूस काय करतो आहे, प्रकाश कसा बदलतो आहे, नेपथ्य कुठे सरकतं आहे, हे आपल्या नजरेआड होतं. नाटकाच्या दिग्दर्शकानं तर सगळा मंच रचलेला असतो. हे नुकसान भरून काढायला साधा सराव आहे. दूरचं दृश्य आलं, की पात्रं कुठे कुठे उभी आहेत हे मनात टिपा. कोण उंचावर, कोण कोपऱ्यात, कुणामध्ये अंतर जास्त. मग जवळचं दृश्य आलं तरी बाकीची माणसं मनात आपापल्या जागी उभी राहतात. चार-सहा प्रवेशांत याची सवय होते.

आवडलेलं नाटक दुसऱ्यांदा पाहता आलं, तर त्या खेपेला गाणाऱ्याकडे पाहू नका, ऐकणाऱ्याकडे पाहा. चांगला नट ओळखायचा तो दुसऱ्याचं गाणं चालू असताना. ‘इंटू द वुड्स’सारख्या अनेक पात्रांच्या नाटकात ही दुसरी खेप पहिलीहून समृद्ध ठरते. नाटक बसवणाऱ्या मंडळांतल्या हौशी कलाकारांना तर याहून चांगली शाळा मिळणार नाही. प्रवेशातून प्रवेशात कसं जावं, गर्दी कशी हलवावी, अंधारात सामान कसं बदलावं, हे सगळं तिथे डोळ्यांसमोर आहे.

न्यूयॉर्क परिसरात राहून नाटकाचा गंभीर अभ्यास करणाऱ्यांसाठी आणखी एक ठिकाण. लिंकन सेंटरमधल्या न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या शाखेत 1970 पासून रंगभूमीवरच्या प्रयोगांच्या चित्रणांचा संग्रह जपला आहे. आधी वेळ ठरवून, अभ्यासाच्या कामासाठी, ती चित्रणं तिथेच बसून पाहता येतात.

घरातल्या सगळ्यांसाठी

आजी-आजोबांना इंग्रजी गाण्याच्या वेगाची धास्ती असते. त्यांना सारांश आधी मराठीत सांगा, आणि शक्यतो नातवंडांना सांगायला लावा. मुलाला मराठीत गोष्ट सांगावी लागते, आजोबांना कथा कळते, आणि रात्री दोघंही एकमेकांकडे पाहत नाटक बघतात. नाटक चालू असताना मात्र भाषांतर करत बसू नका. एखादी ओळ निसटली तरी चालेल. नट ती चेहऱ्यानं सांगत असतो. ज्यांनी उमेदीत रात्र रात्र जागून संगीत नाटकं पाहिली, त्यांना ही कला समजायला इंग्रजीची फारशी गरज पडत नाही.

मुलांचा संबंध तर आणखी जवळचा. अमेरिकेतल्या बहुतेक हायस्कूलमध्ये वसंतात एक संगीत नाटक बसवलं जातं. आपल्या मुलीला त्यात समूहात जरी उभं राहायचं असेल, तरी तेच नाटक आधी चित्रणातून तिच्याबरोबर पाहा. तिच्या कामाकडे तुम्ही वेगळ्या आदरानं पाहाल. ‘इंटू द वुड्स’ लहान मुलांसोबत पाहणार असाल, तर एक सूचना: पहिला अंक गोड शेवटाचा आहे, दुसऱ्यात मृत्यू येतात आणि इच्छांची किंमत मोजावी लागते. म्हणूनच शाळांसाठी पहिल्या अंकावर थांबणारी वेगळी संहिता आहे. दहा वर्षांखालच्या मुलांना तिथवरच दाखवा. मोठ्या मुलांना मात्र दुसरा अंक दाखवल्याशिवाय राहू नका, कारण खरं नाटक तिथे आहे.

नाटक संपलं की लगेच टीव्ही बंद करा. पुढचा कार्यक्रम सुरू होऊ देऊ नका. दहा मिनिटं बसून प्रत्येकानं एक गोष्ट सांगावी: कोणत्या क्षणी आपण नाटकात पूर्ण बुडालो. वेगवेगळ्या वयांची माणसं वेगवेगळे क्षण सांगतात, आणि नाटकाची खोली या बोलण्यातून कळते.

भारतात असाल तर

पीबीएसचे कार्यक्रम प्रसारणहक्कांमुळे भारतात सहसा उघडत नाहीत. अमेरिकेतून परतलेल्या आई-बाबांची हीच तक्रार असते. त्यांना मुंबईत एक चांगला पर्याय आहे. लंडनच्या नॅशनल थिएटरनं 2009 पासून आपले प्रयोग चित्रपटगृहांतून दाखवायला सुरुवात केली, आणि नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात ही चित्रणं, तशीच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची चित्रणं, मोठ्या पडद्यावर दाखवली गेली आहेत. एनसीपीएच्या कार्यक्रमपत्रिकेवर नजर ठेवा.

आणि आपली सार्वजनिक दूरचित्रवाणी आहेच. सह्याद्री वाहिनी घराघरांत मोफत दिसते, प्रसार भारतीचा जुना संग्रह यूट्यूबवर थोडाथोडा खुला होतो आहे, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये प्रसार भारतीनं ‘वेव्ह्ज’ हे स्वतःचं ॲपही सुरू केलं. तिथे एखादं जुनं मराठी नाटक सापडलं, तर त्यालाही हीच शिस्त लावा: दिवे मालवा, फोन दूर ठेवा, मध्यंतर जागेवर घ्या. चित्र जुनं असेल, आवाज बारीक असेल, पण त्या काळातले नट उभे कसे राहत आणि शब्द कसे टाकत, हे दुसरीकडे कुठे पाहायला मिळणार?

पाहून झाल्यावर

टीव्हीवर चार-पाच नाटकं मनापासून पाहिली, की प्रत्यक्ष रंगमंचाची ओढ लागते. लागायलाच हवी. सुरुवात गावातल्या हौशी मंडळापासून आणि हायस्कूलच्या प्रयोगापासून करा. तिकीट परवडतं आणि उत्साह खरा असतो. न्यूयॉर्कला गेलात, तर टाइम्स स्क्वेअरच्या ‘टीकेटीएस’ खिडकीवर त्याच दिवसाच्या प्रयोगांची तिकिटं सवलतीत मिळतात. ती खिडकी 1973 पासून चालू आहे. कॅमेऱ्यातून पाहायला शिकलेला प्रेक्षक बाल्कनीतल्या स्वस्त खुर्चीतूनही पुष्कळ काही पाहतो, कारण कुठे पाहायचं हे त्याला आता कळलेलं असतं.

आणि शेवटची गोष्ट पैशाची. ती टाळून चालणार नाही. जुलै 2025 मध्ये अमेरिकी संसदेनं सार्वजनिक प्रसारणासाठीचा दोन वर्षांचा सुमारे 1.1 अब्ज डॉलरांचा निधी रद्द केला. हा निधी स्थानिक केंद्रांपर्यंत पोहोचवणाऱ्या महामंडळानं त्यानंतर आपलं काम आवरतं घेत असल्याचं जाहीर केलं. मोठ्या शहरांतली केंद्रं देणग्यांवर तग धरतील. लहान गावांतल्या केंद्रांची मदार मात्र त्या गावातल्या प्रेक्षकांवरच आहे.

आपण या केंद्रांकडून वर्षानुवर्षं घेतलं आहे. मुलं लहान असताना या केंद्रांवरच ‘सेसमी स्ट्रीट’ लावून आपण स्वयंपाक केला, मुलांनी तिथे इंग्रजी अक्षरं गिरवली. मंडळाच्या दिवाळीला आणि गणपतीला वर्गणी देताना आपण हात आखडत नाही. तशीच एक वर्गणी या केंद्राला द्या. साठ डॉलर म्हणजे ब्रॉडवेचं एक तिकीटही नाही, पण त्यात घरातल्या सहा जणांना वर्षभर नाटकं पाहता येतात आणि ज्याला तेवढेही परवडत नाहीत, त्याच्या अँटेनावर नाटक चालू राहतं. नाटकाला प्रेक्षकाची गरज असते, हे आपण मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. या आठवड्यात आपल्या केंद्राचं वेळापत्रक उघडा, एक नाटक निवडा, घरातल्या सगळ्यांना दिवस आणि वेळ सांगा, आणि पाहून झाल्यावर त्याच रात्री वर्गणी भरा.